अनुस्वाराची रुंदी शून्य

सकाळी ६:३०. खांदेश्वर स्टेशनकडे निघालेल्यांची पावलं खिडकीखाली वाजू लागली की मी संगणक सुरू करते. माझं ऑफिस खांदा कॉलनीतली हीच खोली. जुन्या दिवाळी अंकांच्या पीडीएफ वेबवर वाचता येतील अशा करायच्या, हे काम.

८:००. आजच्या कथेत प्रत्येक अनुस्वारानंतर शिरोरेषा तुटली आहे. पीडीएफमध्ये तीच ओळ अखंड दिसते.

९:१५. संपादकांचा फोन. "अगं, मधल्या स्पेस काढून टाक ना."
"सर, तिथे स्पेस नाहीचे. अनुस्वाराची रुंदीच चुकलीये."

फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी आकड्यात लिहिलेली असते. अनुस्वार, रफार, उकार अक्षराच्या वर-खाली बसतात, म्हणून त्यांची रुंदी शून्य. पीडीएफ रुंदीचा स्वतःचा तक्ता बाळगते. ब्राउझर मात्र फॉन्टवर विश्वास ठेवतो. रूपांतरात या फॉन्टमधल्या शून्याच्या जागी २५० आले. हजार एककांच्या चौकटीत, २० पिक्सेलच्या अक्षराला म्हणजे ५ पिक्सेलची फट. ओळीत आठ अनुस्वार असले तर ओळ ४० पिक्सेल समासाबाहेर. हाताने अक्षरं सरकवणं मला मान्य नाही; वाचकाने फॉन्ट मोठा केला की ती पुन्हा विस्कटतात. आकडाच दुरुस्त करायचा.

१:००. जेवण.

२:००. आता उंची. 'मूर्तींची' या शब्दातला रफार, वेलांटी आणि अनुस्वार वरून छाटले गेलेत. एकाच फॉन्टमध्ये उंचीच्या तीन नोंदी असतात. विंडोजवरचा ब्राउझर एक वाचतो, मॅकवरचा दुसरी. तिन्ही सारख्या केल्या, वर जागा वाढवली. आपल्या लिपीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते, रोमनच्या मापात ती मावत नाही.

५:३०. दुसऱ्या अंकाची पेजमेकर फाइल आली, फॉन्टशिवाय. उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं. मूळ रुंदी कशाशी ताडून बघायची? फाइल बाजूला ठेवली.

९:००. सकाळची कथा मोबाइलवर शेवटपर्यंत वाचली. शिरोरेषा कुठेही तुटत नाही.

तुमच्याकडे जुन्या अंकांच्या, स्मरणिकांच्या फायली असतील, तर त्यांच्याच फोल्डरमध्ये त्यांचा फॉन्टही जपून ठेवा.