सहस्रपादांची शिरगणती

मृगाचा पाऊस पडला कीं ओसरीच्या कडेला, तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशीं, न्हाणीच्या ओलसर कोपऱ्यांत एक तांबूस-काळा प्राणी पायांच्या लाटा हालवीत संथपणें चालूं लागतो. काडी लागतांच पैशासारखें वेटोळें करून पडतो. हाच आपला वाणी. संस्कृतांत बोलावयाचें तर सहस्रपाद.

आम्ही शाळेंत शिकवीत असतां 'यास हजार पाय असतात' असें एकदां बेधडक सांगून गेलों. दुसरे दिवशीं एका मुलानें मेलेला वाणी कागदाच्या पुडींत आणला आणि पाय दोनशेंच्या आंतच भरतात, असें मोजून सांगितलें. 'उद्धटपणा पुरे' म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. खरें तोच बोलत होता. वाण्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन दोन जोड्या असल्या, तरी एकंदर पाय शेंकड्यांतच राहतात. हजारांवर पाय असलेली पहिली जात पश्चिम ऑस्ट्रेलियांत जमिनीखालीं सुमारें ६० मीटर खोल सांपडली. १,३०६ पायांची ती जात २०२१ सालीं जाहीर झाली. न मोजतां बोलण्याची आमची ती चूक आम्हांस अद्याप सलते. आणि आजचा विषयही मोजण्याचाच आहे.

जगांत वाण्यांच्या सुमारें १२,००० जातींस शास्त्रीय नांवें मिळालीं आहेत. त्या पृथ्वीवर कशा वांटल्या गेल्या आहेत? ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे यावें तसतशी जीवसृष्टीची विविधता वाढत जाते, हें हुंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच नमूद केलें. वाणीही स्थूलमानानें हाच नियम पाळतो. अंटार्क्टिकांत तो मुळींच नाहीं. ब्रिटनमध्यें त्याच्या साठ-पांसष्ट जाती आढळतात. आकारानें फारसा मोठा नसलेल्या, परंतु दक्षिणेकडील इटलींत त्या चारशेंहून अधिक आहेत.

हा भेद केवळ उन्हाचा आहे काय? तसें नाहीं. वाण्यास पंख नाहींत, फार दूर तो चालत नाहीं, आणि ओल सुटली कीं सुकून मरतो. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं हिमयुग ऐन भरांत असतां ब्रिटनचा बराच मोठा भाग बर्फाखालीं गाडला गेला होता. बर्फ वितळल्यावर दक्षिणेकडून तेथें पोंचले ते थोडके. पुढें समुद्र चढून ब्रिटनचें बेट झालें आणि पायवाट बंद पडली. आल्प्सच्या दक्षिणेस मात्र बिऱ्हाड मोडण्याची पाळी आली नाहीं. अमेरिकेंतील ॲपलाचियन पर्वताचा दक्षिण भाग ३५ अंशांच्या आसपास असूनही तेथें जातींची रेलचेल आहे. कारण बर्फ तेथवर आलें नाहीं आणि पाऊस विपुल. उलट सहाराचें वाळवंट विषुववृत्तास अधिक जवळ असूनही या बाबतींत दरिद्री! तात्पर्य, अक्षांश ही नुसती खूण. खरें कारण ओल आणि स्थानाचा पूर्वेतिहास.

आतां घरचा हिशेब पाहूं. युरोपांत सुमारें १,५०० जातींची नोंद आहे. भारताच्या २०१६ सालच्या यादींत सुमारें २७०. मग नियम उलटला म्हणावें काय? आमच्या मतें उणीव वाण्यांची नसून मोजणारांची आहे. युरोपांत लिनिअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून ही गणना चालत आली आहे. आपल्याकडे त्या मानानें या प्राण्यापुढें वांकून बसणारे फारच थोडे.

या आळसाची किंमत लहान नाहीं. वाण्याच्या कित्येक जाती एखाद्या डोंगरापुरत्या, एखाद्या खोऱ्यापुरत्याच असतात. तो डोंगर खणला, तें रान तोडलें, कीं नांव मिळण्यापूर्वींच ती जात नाहींशी होते. कधीं हा प्राणी शेतांतील कोंवळीं रोपें कुरतडतो, हें खरें. परंतु रानांत कुजकीं पानें खाऊन त्यांची माती करण्याचें काम तो मुकाट्यानें करीत असतो.

तेव्हां यंदाच्या पावसांत ओसरीवर वाणी दिसला, तर गृहिणींनीं केरसुणी क्षणभर बाजूस ठेवावी. घरांतील मुलें त्याचे पाय मोजूं लागलीं तर मोजूं द्यावेत. आणि आलेली संख्या आपल्या ऐकीव ज्ञानाशीं जुळली नाहीं, तर त्यांस खालीं बसवूं नये.