जुनं कपाट घेताना आधी पाठ बघा

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे निघालं की शहर संपता संपता हिंडलगा लागतं. जुन्या लाकडी सामानाच्या बाबतीत हा पट्टा नशीबवान आहे. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे कॅम्प वसला आणि साहेबांच्या बंगल्यांतून ड्रॉवरची कपाटं, आरशाची टेबलं इथल्या मेस्त्रींच्या नजरेखाली आली. दक्षिणेला खानापूर-दांडेलीचं सागाचं रान, घाट उतरला की गोवा आणि सावंतवाडी. गावोगावच्या वाड्यांतली फडताळं, पेटारे, फणेरपेट्या वेगळ्याच. आता जुनी घरं पाडली जातात तसं हे सगळं विकायला बाहेर येतं, आणि नव्या बंगल्यात एखादं जुनं कपाट हवंच अशी हौसही दिसते. हौस चांगलीच आहे. पण तिच्याभोवती इतके गैरसमज आहेत की चांगली वस्तू हातची जाते आणि सुमार वस्तूला पैसे मोजले जातात.

सगळ्यात मोठा गैरसमज वयाचा. विकणारा सहज म्हणतो, "दोनशे वर्षांचं आहे." आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात कारागिरीच्या वस्तूसाठी किमान १०० वर्षांची अट आहे. त्या हिशेबाने १९४० किंवा १९६० चं कपाट पुरावस्तू ठरत नाही. ते फक्त जुन्या काळचं, आणि बहुतेक वेळा उत्तम असतं. वय ओळखण्याच्या ज्या खुणा सांगितल्या जातात त्या मुख्यतः युरोपातल्या कारखान्यांवर बेतलेल्या आहेत. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रं आली, म्हणून हाताने कापलेला सांधा दिसला की वस्तू जुनी, असा ठोकताळा पडला. आपल्याकडे हाताने करवतलेल्या फळ्या आणि पटाशीने कोरलेले सांधे विसाव्या शतकातही सर्रास होते, आजही कुठे कुठे होतात. तेव्हा हातकामावरून सुताराचं कसब कळतं, साल कळत नाही.

मग काय बघायचं? खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. वर्षानुवर्षं ओढलेल्या खणाच्या बाजूंची खालची कड झिजलेली असते, आणि तो ज्या पट्टीवर सरकतो तिथेही तेवढीच झीज असते. या दोन झिजा एकमेकींना जुळल्या पाहिजेत. खणाचा तळ सहसा पॉलिश केलेला नसतो. हवेने तो सुकून, करडा-तपकिरी झालेला असतो. तिथे रंग फासलेला दिसला तर काहीतरी लपवलेलं असण्याची शक्यता धरावी. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. म्हणून जुन्या खणाच्या तळफळीला कडेला बारीक फट असते, आणि जुन्या गोल टेबलाचा व्यास दोन दिशांनी मोजला तर थोडा वेगळा भरतो. गिऱ्हाईक अशा फटीला खोट म्हणतं. मला ती दिसली की बरं वाटतं.

स्क्रूंकडेही बघावं. डोक्यावर फुली असलेले स्क्रू १९३० च्या दशकात आले. ते दिसले म्हणजे सगळं नवंच असं नाही, बिजागरी बदललेली असू शकते. पण प्रत्येक जोडात तेच असतील आणि मागे प्लायवूड असेल, तर दोनशे वर्षांची गोष्ट तिथेच संपली.

कॅम्पच्या नावाखाली एक वस्तू हमखास दाखवली जाते: पितळी कोपऱ्यांचं लष्करी ड्रॉवरचं कपाट. बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्याला ते सोबत न्यावं लागे, त्यामुळे त्याची बांधणीच प्रवासाची. वरचा आणि खालचा असे दोन भाग सुटे होतात, पाय फिरवून काढता येतात, मुठी लाकडात खोल बसवलेल्या असतात म्हणजे बांधताना दोरीत अडकत नाहीत. अशा कपाटाच्या चांगल्या नमुन्यात पितळ लाकडात कोरून, पृष्ठभागाला सपाट बसवलेलं असतं. बोट फिरवलं तर कड लागत नाही. नुसत्या शोभेच्या नकलेत पट्टी वरून ठोकलेली असते आणि मधली रेघ खोटी, दोन भाग वेगळे होतच नाहीत. म्हणून विकत घेण्यापूर्वी वरचा भाग उचलून बघावा. दोन माणसं लागतील, पण उचलावाच.

"जुन्या सागाचं आहे" हे वाक्य ऐकलं की बरेच जण ते "जुनं आहे" असंच ऐकतात. पाडलेल्या घरांच्या तुळया, दारं, चौकटी यांतून नवं फर्निचर बनतं. लाकूड उत्तम मुरलेलं असतं, त्यात फसवणूक काही नाही. फक्त त्याला पुरावस्तूचा भाव देऊ नये. बुजवलेली भोकं आणि बिजागरी नसलेल्या जागी बिजागरीची खाच दिसली की ओळखावं.

काळं लाकूड म्हणजे शिसवी, हाही असाच समज. गडद पॉलिश मारलेला साग शिसवीसारखा दिसतो. न रंगवलेल्या आतल्या भागात पाहावं: साग सोनेरी-तपकिरी, किंचित तेलकट, शिसवी जांभळट, काळ्या रेषांची आणि स्पष्टपणे जड. सागाचा घनफूट साधारण १८ किलो भरतो, शिसवीचा २४ च्या आसपास. सारख्याच मापाचे दोन खण दोन हातांत घेतले तर फरक जाणवतो. परदेशातल्या लेकीकडे आजीची शिसवी पेटी पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. १०० वर्षांवरील पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय शिसवीची सगळी प्रजाती (जीनस) जानेवारी २०१७ पासून वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आहे, म्हणून आधी चौकशी करावी.

सागाला कीड लागत नाही, हे अर्धंच खरं. टिकतो तो गाभा. सालीलगतचा पांढुरका भाग किडीला आवडतो, आणि जुन्या कपाटांची पाठ तर अनेकदा आंब्याची किंवा हलक्या जंगली लाकडाची असते. सुरुवात तिथूनच होते, म्हणून कपाट भिंतीपासून ओढून पाठ बघितल्याशिवाय सौदा करू नये. नुसती भोकं दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. कडा काळवंडलेली भोकं जुनी असतात. खाली काळा कागद अंथरून काही दिवस ठेवा. त्यावर ताजं पिठासारखं पांढरट भुकटं पडलं तर कीड जिवंत आहे. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी उपयोगी, पण ते उघड्या लाकडातच मुरतं. पॉलिशवरून फासलं तर वाया जातं.

जुनं पॉलिश खरवडून चकचकीत मेलामाइन मारणं म्हणजे कपाटाला नवं आयुष्य देणं, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. जुनं पॉलिश बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचं. लपलेल्या जागी स्पिरिटचा थेंब लावा. चिकट झालं तर चपडी आहे, आणि ती त्याच चपडीच्या नव्या हातांनी दुरुस्त होते. गरम कपाचे पांढरे डागही त्यातच जातात. खरवडण्यात मात्र शंभर वर्षांत चढलेला लाकडाचा रंग भुशाबरोबर जातो, तो परत आणता येत नाही. ऑइलपेंट लावलेली वस्तू असेल तर कोरड्या पॉलिश पेपरने घासूच नका. रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात नको.

आषाढ-श्रावणात हिंडलग्याच्या दमट हवेत खण अडकले की रंधा मारून घेणारे पुष्कळ. लाकूड फुगलंय, बिघडलेलं नाही. जुलैत रंधलेला खण मार्चमध्ये खुळखुळतो. सरकपट्टीवर मेणबत्ती घासा, उन्हाळ्यापर्यंत थांबा, आणि तरीही अडकलं तर मग मेस्त्रीला बोलवा.

जुनं कपाट दणकट म्हणून सोयीचंच असेल असंही नाही. ते घडी केलेल्या साड्या-धोतरांसाठी बांधलेलं. हँगर आडवा मावायला आतून किमान २२ इंच खोली लागते, आणि बरीच जुनी कपाटं त्याहून उथळ असतात. त्यांत हँगरची दांडी बसवण्यापेक्षा फळ्या तशाच ठेवाव्यात. "बेल्जियम आरसा" म्हणून जास्त पैसे मागितले तर तेवढं ऐकून सोडून द्यावं. कडेचा पैलू म्हणजे बेल्जियमचा पुरावा नव्हे. आणि लोखंडी कपाट भंगारात काढण्यापूर्वी आठवावं की गोदरेजने पहिलं पोलादी कपाट १९२३ मध्ये बनवलं. आईच्या लग्नातलं कपाटही आता जपण्याजोगी वस्तू आहे.

शेवटचा समज धोक्याचा आहे: जड कपाट पडत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये आयकिया कंपनीला लहान मुलांच्या मृत्यूंनंतर सुमारे २.९ कोटी ड्रॉवरची कपाटं परत मागवावी लागली. ती नवी आणि हलकी होती, पण कारण तेच: दोन-तीन खण एकदम उघडले आणि मूल खालच्या खणावर चढलं की तोल पुढे जातो. सागाचं कपाट कोसळलं तर घाव जास्तच मोठा. पाठीच्या आडव्या पट्टीतून लोखंडी कोनाने ते भिंतीला पक्कं करावं. दोन छोटी भोकं पडतील म्हणून जुन्या वस्तूची किंमत कमी होत नाही.