विमानावरची छोटी वाक्यं

साहित्य मंडळाच्या अंकात विमानाचा लेख कशाला, असं कुणी विचारेल. पण मला विमानाची ओढ लागली ती त्यावर लिहिलेल्या मजकुरामुळे.

सेस्ना १७२ हे चार आसनांचं छोटं अमेरिकी विमान १९५६ पासून बाजारात आहे. त्यातली कितीतरी जुनी विमानं आजही उडतात. मालक कधीतरी जुना रंग खरवडून नवा देतात, आतलं अस्तर बदलतात. या कामात बारीकसारीक पाट्या आणि स्टिकरही निघून जातात. आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं! पण तिथल्या नियमांनुसार सक्तीची पाटी जागेवर नसेल, तर विमान उडवायला योग्य मानलं जात नाही.

कोणती पाटी हवी, हे मालक ठरवत नाही. विमानाच्या प्रकाराला मान्यता देताना सरकार एक तपशीलपत्र काढतं. त्यात आणि विमानाच्या पुस्तिकेत पाट्यांचा मजकूर दिलेला असतो. पुढे निघालेले सुरक्षा-आदेश आणि नव्याने बसवलेली उपकरणं यांमुळे यादी वाढते. म्हणून रंग काढण्याआधी प्रत्येक पाटीचा फोटो घ्यायचा आणि यादीशी ताडून बघायचा. नुसत्या फोटोवर विसंबून चालत नाही, कारण एखादी पाटी आधीच्या रंगकामातही गेलेली असू शकते.

एक शब्द चुकला तर काय होतं? इंधनाच्या झाकणाजवळची पाटी घ्या. तिथे विमानाचं पेट्रोल लिहिलेलं नसलं आणि कुणी जेटचं रॉकेलसारखं इंधन भरलं, तर उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिन बंद पडू शकतं. दुसरं उदाहरण वेगाचं. जुन्या १७२ मध्ये फ्लॅप पूर्ण उघडायची मर्यादा ताशी १०० मैल होती. नवा वेगमापक नॉटमध्ये बसवला आणि पाटीवर नुसतं '१००' राहिलं, तर वैमानिक ताशी ११५ मैलांवर फ्लॅप उघडेल.

विमानाची ओळखपट्टी तर आगीतही टिकेल अशी धातूची असते. ती परवानगीशिवाय काढता येत नाही.

आपण मंडळात एकमेकांच्या कवितांवर हक्कानं पेन्सिल चालवतो. पाटीवर ती चालत नाही. ती वाचणाऱ्याला दुसऱ्यांदा वाचायची सवड मिळेलच असं नाही.