असीरगडचा शरणागत
बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या वाटेवर वीसेक किलोमीटरवर सातपुड्याच्या खिंडीवर पहारा देणारा असीरगड दिसतो. १८१९ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे आप्पासाहेब भोसले इथे आश्रयाला आले. गड दौलतराव शिंद्यांचा. गड इंग्रजांना द्यायला त्यांनी उघडपणे होकार दिला, पण किल्लेदार यशवंतराव लाडांनी गड सोडला नाही. तोफांच्या माऱ्यानंतर एप्रिलमध्ये तो पडला. आप्पासाहेब हाती लागले नाहीत. सापडलं ते त्या होकाराला छेद देणारं शिंद्यांचं गुप्त पत्र. शरणागताला अभय हे तत्त्व आणि इंग्रजांशी केलेला तह हा व्यवहार. युद्धकाळात परराष्ट्रनीतीची ओढाताण होते ती इथेच. दुबळ्या सत्तेनेही तत्त्व उघडपणे पाळावं, असं मला मनापासून वाटतं. पुढे आप्पासाहेब जोधपूरला आश्रयाला गेले, तेव्हा तिथले महाराजा मानसिंग यांनी ते पाळलं. आप्पासाहेबांना इंग्रजांच्या हवाली केलं नाही. १८४० मध्ये आप्पासाहेब जोधपुरातच वारले.