सिगारेटवाल्यांचा रॉक आणि हजार प्रतींचा हिशेब

लेखमाला : छोट्या तबकड्या – लेखांक पाचवा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की हडपसर, मांजरी मागे टाकून लोणी काळभोर लागते. तेल कंपन्यांचे डेपो, त्यांच्या दारात ताटकळलेले टँकर आणि अलीकडे एमआयटीच्या विद्यापीठात ये-जा करणारी पोरे. बाहेरच्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते राजबागेमुळे. मुळा-मुठेच्या काठी राज कपूर यांची शेती होती आणि ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ (१९७८) या चित्रपटाचे चित्रीकरण तिथे झाले. आज त्या जागी विद्यापीठाच्या इमारती आहेत आणि आवारातल्या विश्वशांती संगीत कला अकादमीत मुले शास्त्रीय गाणे शिकतात.

गावाची दुसरी ओळख इतकी झगमगीत नाही. लोणीत फिलिप्सचा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा कारखाना होता. रेझिस्टर, कपॅसिटर वगैरेंचा आपला जगभरचा धंदा फिलिप्सने १९९९ मध्ये ‘बीसी कंपोनंट्स’ या नावाने वेगळा काढला. २००२ मध्ये तो ‘व्हिशे’ या अमेरिकी कंपनीकडे गेला आणि लोणीच्या फाटकावरची पाटीही त्याप्रमाणे बदलली.

पंक आणि गॅरेज रॉक छापणाऱ्या छोट्या लेबलांच्या कहाणीत हा कारखाना कुठून आला, असे कोणी विचारील. तो आला त्या संगीताच्या आवाजामुळे. गॅरेज रॉकच्या गिटारीला जी खरखर असते, फाटलेल्या कर्ण्यातून आल्यासारखी, ती बोटांची करामत नसते. ‘फझ’ नावाची छोटी पेटी ती करते. गिटारीतून येणारा क्षीण विद्युत संकेत ट्रान्झिस्टर इतका फुगवतो की त्याची स्वतःचीच मर्यादा संपते. मग लहरीचे गोलसर माथे सपाट कापले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यात घुसतात. १९६२ मध्ये अमेरिकेत ‘माएस्ट्रो फझ-टोन’ बाजारात आला, पण त्याला विचारतो कोण! १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सने ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तो वापरला आणि एकाएकी प्रत्येक पोराला ती पेटी हवीशी झाली. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलेल्या ‘फझ फेस’च्या पोटात दोन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर, चार रेझिस्टर आणि दोन फिरकीची बटणे एवढेच असायचे. ब्रिटनमधल्या अशा पेट्यांत मलार्ड कंपनीचे रंगीत पट्ट्यांचे कपॅसिटर सापडतात. शौकीन मंडळी त्यांना ‘ट्रॉपिकल फिश’ म्हणतात आणि आजही जुन्या बाजारात शोधत फिरतात. मलार्ड ही फिलिप्सच्याच मालकीची कंपनी होती.

म्हणजे हे संगीत सुरुवातीपासून दुसऱ्या कुठल्या तरी धंद्याच्या आधाराने उभे राहिले. सुटे भाग रेडिओसाठी बनायचे, त्यातून गिटारीची पेटी निघायची. मोटार ठेवायच्या जागेत तालमी व्हायच्या. यात काही बिघडत नाही. प्रश्न उभा राहतो तो तबकडी कोण काढणार इथे.

अमेरिकेत १९६५-६८ च्या दरम्यान अशा हजारो पोरांनी गावोगावच्या बारक्या कंपन्यांकडून एकेक-दोनदोन गाणी काढून घेतली आणि बहुतेक सारी विसरली गेली. ती वाचली एका संग्रहामुळे. लेनी के या तरुण संगीत-पत्रकाराने १९७२ मध्ये ‘इलेक्ट्रा’ या लेबलसाठी ‘नगेट्स’ हा दोन तबकड्यांचा संच निवडला. त्यात २७ गाणी होती. सोबतच्या टिपणात त्याने या गाण्यांना ‘पंक रॉक’ म्हटले, तेही ‘सेक्स पिस्टल्स’ हा गाजलेला पंक बँड जन्माला येण्याच्या बरेच आधी. हाच लेनी के पुढे गायिका पॅटी स्मिथच्या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. जुन्या गाण्यांचे पुनःप्रकाशन पाहता पाहता नव्या संगीताचे बियाणे बनले. छोट्या लेबलांच्या ‘नव्या’ याद्यांत आजही निम्म्या जुन्या तबकड्या का असतात, ते इथे कळते.

आपल्याकडे तेव्हा काय चालले होते? बीटल्सच्या लाटेवर मुंबई, मद्रास, कलकत्ता, बंगळूर, शिलाँग इथे ‘बीट ग्रुप’ उगवले होते. परदेशी गिटारी आणि अँप्लिफायर आणायचे तर परवाना आणि जकात आडवी यायची. जहाजावरचा कोणी ओळखीचा किंवा परदेशी गेलेला नातेवाईक एवढीच आशा. बाकी सामान इथल्याच कारागिराकडून करवून घ्यायचे. वाजवायला कॉलेजचे समारंभ, हॉटेलांतले जॅम सेशन आणि लग्ने. रेकॉर्ड मात्र निघत नव्हत्या. देशातला रेकॉर्डचा धंदा बव्हंशी ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे एचएमव्हीच्या हाती होता आणि तिचे पोट सिनेमाच्या गाण्यांवर भरत होते. पॉलिडोर १९७० च्या सुमारास आली खरी, पण तिचाही मोठा हात लागला तो सिनेमालाच. ‘शोले’च्या संवादांची तबकडी तिने तुफान खपवली. गब्बरचे बोलणे विकले जात असताना इंग्रजीत ओरडणाऱ्या पोरांची तबकडी कोण काढणार?

काढली सिगारेटवाल्यांनी. इंपीरियल टोबॅको कंपनीचा ‘सिमला’ नावाचा ब्रँड होता. (कंपनीचे नाव १९७० मध्ये इंडिया टोबॅको झाले; पुढची आयटीसी ती हीच.) या ब्रँडच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ ही अखिल भारतीय बँड स्पर्धा भरू लागली. मुंबईत षण्मुखानंद सभागृहात, जिथे एरवी शास्त्रीय संगीताच्या मैफली रंगत, तिथे लांब केसांच्या पोरांचे अँप्लिफायर घुमू लागले. स्पर्धेतल्या बँडांच्या गाण्यांच्या दोन एलपी निघाल्या, ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’. मद्रासचे ‘कन्फ्यूजन्स’, शिलाँगचे ‘फेंटोन्स’ अशा बँडांचा त्या काळातला आवाज आपल्यापर्यंत पोचला तो या दोन तबकड्यांमुळे.

ऐकायला कशा आहेत त्या? ओबडधोबड. काही बँड परदेशी गाणी तशीच वाजवतात आणि तिथे कान फारसा रमत नाही. पण स्वतःची गाणी सुरू झाली की वेगळेच काही घडते. ध्वनिमुद्रण घाईचे आणि ढोल डब्यासारखे, तरीही गिटारीची खरखर अस्सल आहे. हातात धड सामान नसताना हा आवाज काढणाऱ्यांच्या जिद्दीचे कौतुक वाटते.

सिगारेट कंपनीला यासाठी शिव्या घालाव्यात की तिचे आभार मानावेत, हे वाचकाने ठरवावे. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कंपनीला बँडांमध्ये रस होता तो तरुण गिऱ्हाइकापुरता. जाहिरातीची दिशा बदलली, स्पर्धा थांबली आणि तिच्याबरोबर तबकड्याही थांबल्या. ‘सिमला बीट ७५’ कधी निघाली नाही. बँडांपैकी कोणाला दुसरी तबकडी हवी असती, तर दार ठोठावायला जागाच नव्हती.

नंदू भेंडे यांची वाटचाल त्या दृष्टीने बोलकी आहे. आत्माराम भेंडे आणि डॉ. आशा भेंडे यांचा हा मुलगा, घर मराठी रंगभूमीचे, आणि गळा मात्र रॉकचा. मुंबईच्या ‘व्हेल्वेट फॉग’ आणि ‘सॅव्हेजेस’ या बँडांत ते गायले. १९७४ मध्ये अॅलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडासची भूमिका केली. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. लेखन पु. ल. देशपांडे यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, आणि त्यात भेंडे होते. पुढे ‘डिस्को डान्सर’मध्ये त्यांनी पार्श्वगायन केले. नाटक, सिनेमा, दूरदर्शन, सगळीकडे त्यांना जागा मिळाली. त्यांच्या तरुणपणीच्या रॉकला हक्काचे लेबल मात्र मिळाले नाही. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांत रंगमंच भरपूर होता, तबकड्या फार थोड्या.

‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्याच बँडचे नशीब जरा बरे. कीथ कांगा यांच्या या बँडची ‘ऑब्सेशन ७७’ ही एकच तबकडी निघाली आणि जुन्या बाजारात ती संग्राहकांनी शोधून शोधून महाग केली. शेवटी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘नाऊ-अगेन’ या छोट्या लेबलने ती नव्याने काढली. त्याआधी ‘सिमला बीट’च्या दोन्ही तबकड्या जर्मनीतल्या ‘क्यूडीके मीडिया’ने पुन्हा काढल्या होत्या. षण्मुखानंदात वाजलेले संगीत सायन-माटुंग्याच्या माणसाला ऐकायचे तर ते जर्मनीच्या छापखान्यातून मागवावे लागले. यात अभिमान वाटण्यासारखे काही नाही.

मग ही छोटी लेबले वेगळे काय करतात? गणित सोपे आहे, अवघड आहे ती चिकाटी. तबकडी काढायची तर आधी लॅकर चढवलेल्या चकतीवर खाच कोरून घ्यावी लागते, तिच्यावरून धातूचा साचा करावा लागतो आणि मग त्या साच्याने तापलेला प्लॅस्टिकचा गोळा दाबायचा. साच्याचा खर्च शंभर प्रतींना जेवढा, तेवढाच हजार प्रतींना. म्हणून शंभर प्रती काढणारा मार खातो आणि हजार काढणाऱ्याचे घर खोक्यांनी भरते.

मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ने हे धाडस १९७७ च्या जानेवारीत केले. घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन त्यांनी ‘न्यू हॉर्मोन्स’ हे स्वतःचे लेबल काढले आणि ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी बाजारात आणली. पहिल्या हजार प्रती पाहता पाहता गेल्या आणि पुढे आकडा १६ हजारांवर पोचला. वेष्टनावर त्यांनी प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले तेही छापले. हे तुम्हालाही जमेल, हे सांगायची याहून साधी रीत नसेल.

वॉशिंग्टनच्या ‘टीन आयडल्स’ची गोष्ट तर अधिक मजेची आहे. या पोरांनी कार्यक्रमांचे पैसे वाटून न घेता डब्यात टाकले. ६०० डॉलर जमले तोवर १९८० उजाडले आणि बँडच फुटला. पैसे वाटून घ्यायचे की तबकडी काढायची? त्यांनी तबकडी काढली. एका लहान तबकडीत आठ गाणी, हजार प्रती. वेष्टन कसे करतात हे माहीत नव्हते, म्हणून एक विकतचे वेष्टन उलगडून त्याचा नमुना गिरवला आणि घरी बसून घड्या घातल्या. त्यातून ‘डिस्कॉर्ड’ हे लेबल उभे राहिले. बँडमधल्याच इयन मॅके आणि जेफ नेल्सन यांचे हे लेबल आजही चालू आहे आणि ती जुनी गाणी आजही त्याच्या यादीत आहेत. ‘सिमला’च्या पाठीशी असलेली कंपनी कैक पटींनी धनवान होती. यादी सांभाळणे तिचे काम नव्हते, एवढाच फरक.

महाराष्ट्रात पुढची पिढी आली ती १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाच्या मंचावर, धोबीतलावच्या रंगभवनात. आवाजबंदीच्या नियमांमुळे पुढे ती जागाही गेली. पुण्यात २०१० मध्ये ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि बँडांना मोठी गर्दी मिळाली. मंच असे एकामागून एक मिळत गेले, लेबले मात्र विरळच राहिली. मेटलवाल्यांनी थोडी सोय करून घेतली. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’च्या साहिल मखिजा यांनी ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ काढून स्वतःच्या आणि इतरांच्या सीडी आणल्या. पंकमध्ये ‘रायट पेडलर्स’ हे मुंबईचे त्रिकूट ‘सरकारझम’ ही सरकारला चिमटे काढणारी ईपी घेऊन आले आणि ‘लाइटइयर्स एक्स्प्लोड’ने अल्बमला ‘द रिव्हेंज ऑफ कालीचरण’ हे नाव देऊन सिनेमाचीच टर उडवली. चांगले बँड, तल्लख नावे. पण जगभरच्या बँडांसारखे त्यांचे ठिकाण मुख्यतः इंटरनेट. बँडकँपसारख्या सेवेवर गाणे चढवायला साचा लागत नाही, उसने पैसे लागत नाहीत आणि खोकीही पडून राहत नाहीत. विक्रीतला थोडा वाटा सेवा कापून घेते, उरलेला बँडकडे जातो. सोय मोठी आहे. गैरसोय एवढीच की बँड फुटला आणि कोणी पासवर्ड विसरला की सांभाळणारे तिसरे माणूस नसते. सीडीच्या काळातली किती तरी इथली गाणी याच रीतीने आज बेपत्ता आहेत.

तबकडीचे म्हणाल तर एक नवी गोष्ट घडली आहे. देशातले दाबयंत्र अनेक वर्षे बंद पडलेले होते, त्यामुळे बँडला तबकडी हवी असल्यास युरोपकडे पाहावे लागे. वाहतूक आणि जकात धरली की छोट्या बँडचा हिशेब तिथेच कोसळे. २०२४ मध्ये नवी मुंबईत ‘समन्वी डिजिमीडिया’ने तबकड्या दाबण्याचा कारखाना सुरू केला. मोठ्या कंपन्या तिथे सिनेमाची जुनी गाणी नेतील यात शंका नाही. ते धंद्याला धरूनच आहे. पण दोनशे-तीनशे प्रतींची ऑर्डर घेऊन एखादा मुंबई-पुण्याचा बँड तिथे उभा राहिला, तर त्याचा दर काय निघतो आणि तो कोणाला परवडतो, याचा हिशेब पुढच्या लेखांकात.