भुताच्या गोष्टीची पुरवणी

मराठी माणसाला पुरवणीचे कौतुक शिकवावे लागत नाही. रविवारी वर्तमानपत्र दारात पडले की तो आधी पुरवणी ओढून घेतो, अग्रलेख मागाहून. परीक्षेत मुख्य उत्तरपत्रिका भरली न भरली तोच "सर, पुरवणी!" म्हणून हात वर करतो. आमच्या येवल्याचे तर विचारूच नका. इतर गावांची संक्रांत एका दिवसात आटोपते. आमची भोगीला सुरू होते आणि करीला संपते. तीन दिवस सारे गाव आसारी आणि पतंग घेऊन गच्चीवर असते, आणि करीच्या दिवशी अंधार पडेपर्यंत कोणी खाली उतरायचे नाव काढीत नाही. कर म्हणजे संक्रांतीची पुरवणीच नव्हे काय?

तेव्हा संगणकावरच्या खेळालाही पुरवणी निघते, हे ऐकून मला नवल वाटायचे कारण नव्हते. नवल वाटले ते एका विशिष्ट पुरवणीचे पुढे काय झाले ते कळले तेव्हा. एका कंपनीने भुताची गोष्ट रचली. दुसरीने ती पुढे नेली. पोरांनी रात्री जागवून ती पुढची गोष्ट अनुभवली. आणि मग पहिल्या कंपनीने असा काही पुढचा भाग काढला, की जणू मधले काही घडलेच नव्हते! गोष्टीवर हक्क कुणाचा, हा प्रश्न आमच्या घरात त्या निमित्ताने शिरला आणि बरीच वर्षे मुक्काम ठोकून राहिला.

त्याचे असे झाले. २००७ सालच्या दिवाळीत माझा धाकटा पुतण्या नाशकाहून येवल्याला आला. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. फराळाच्या डब्यांसाठी जागा ठेवायची सोडून त्याने बरोबर संगणकाचे अख्खे धूड आणले होते. ते दिवस भारनियमनाचे. दिवे गेले की सारे घर काळोखात, आणि आले की हा पडद्यासमोर. रात्री अकरानंतर माळवदाखालच्या खोलीतून बंदुकांचे आवाज यायचे, आणि मधूनच सगळे चिडीचूप व्हायचे. आवाजाने माझी झोप मोडत नसे. त्या शांततेने मोडायची. एका रात्री उठून मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

ज्या वाचकांनी असा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या जातीच्या खेळात आपला नायक आपल्याला दिसत नाही, कारण आपणच नायक असतो. त्याच्या डोळ्यांनी आपण पाहतो. पडद्याच्या तळाशी दोन हात आणि बंदूक दिसते, आणि ते हात आपले असे समजायचे. मी शेजारी नुसता बसलो होतो, तरी पंधरा मिनिटांत माझे तळवे घामेजले.

खेळाचे नाव 'फिअर', म्हणजे भीती. तसे पाहिले तर ही चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे: फर्स्ट एन्काउंटर असॉल्ट रेकॉन. अघटिताशी सामना करण्यासाठी उभारलेली ही लष्करी तुकडी. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या मोनोलिथ या कंपनीने तो २००५ च्या ऑक्टोबरात बाजारात आणला. पॅक्स्टन फेटेल नावाचा एक इसम एकाच साच्यातून काढलेल्या सैनिकांची फौज नुसत्या मनाच्या शक्तीने चालवीत असतो, आणि त्याला गाठायला आपला बिननावाचा नायक निघतो. वाटेत एक मुलगी भेटते. तिचे नाव आल्मा. लाल झगा, तोंडावर आलेले काळे केस, वय असेल आठेक वर्षांचे. ती बोलत नाही, धावून येत नाही. नुसती उभी असते.

खेळ रचणाऱ्यांचा हिशेब मला फार आवडला. सैनिकांशी लढताना खेळणारा शूर असतो. ते सैनिकही भोळे नव्हेत. जेफ ऑर्किन नावाच्या तज्ज्ञाने त्यांना अमुक वेळी अमुक कर असे पढवले नव्हते. एक उद्दिष्ट द्यायचे, काही कृती शिकवायच्या, आणि बेत त्यांचा त्यांनी आखायचा, अशी ती योजना होती. त्यामुळे ते आडोसा धरतात, एकमेकांना हाका मारतात, वळसा घालून पाठीमागून येतात. त्यांना हरवले की छाती फुगते. आणि नेमक्या त्याच क्षणी ती पोर समोर येते. आता बंदूक कुणावर रोखणार? एके ठिकाणी शिडीने खाली उतरायचे असते. शिडीवर पाय ठेवायला खेळणारा पाठमोरा वळतो, तर नाकासमोर आल्मा उभी! तिथे माझ्या पुतण्याने खुर्ची मागे लोटली, आणि मी त्याच्या आईने ठेवलेला चकल्यांचा डबा लवंडला.

हा झाला मूळ खेळ. त्याचा शेवट फार चलाख आहे. प्रचंड स्फोट होतो, हेलिकॉप्टर नायकाला उचलते, हायसे वाटते, आणि तेवढ्यात आल्मा हेलिकॉप्टरच्या दाराशी वर चढताना दिसते. पडदा काळा. गोष्ट तिथेच तुटते.

असे तुटलेले टोक दिसले की माणसाला पुढचे हवेच असते. ते दिले पुरवणीने. २००६ च्या ऑक्टोबरात, बरोबर एका वर्षाने, 'एक्स्ट्रॅक्शन पॉइंट' निघाली. पुरवणी म्हणजे नवा खेळ नव्हे. मूळ खेळ संगणकात असल्याशिवाय ती चालतच नसे. मूळ अंकावाचून पुरवणी विकत मिळत नाही, तसेच. ती मोनोलिथने केली नव्हती. टेक्सास राज्यातल्या शुगर लँड गावच्या टाइमगेट या कंपनीने केली होती. तीत काही नवी शस्त्रे होती, पण खरी गंमत गोष्टीची. ते हेलिकॉप्टर कोसळते आणि नायक उद्ध्वस्त, निर्मनुष्य शहरात एकटा उरतो. दूरच्या एका इस्पितळाच्या गच्चीवर दुसरे हेलिकॉप्टर न्यायला येणार, एवढीच आशा. वाटेत हॉलिडे आणि जिन हे दोघे सोबती भेटतात आणि दोघेही मरतात. आधीच्या खेळात मेलेला फेटेल पुन्हा बोलू लागतो. इस्पितळात दिवे लुकलुकतात, दालनामागून दालने ओलांडावी लागतात. अखेर गच्ची येते, हेलिकॉप्टर येते, आणि डोळ्यांदेखत त्याचा स्फोट होतो. खाली सारे शहर पेटलेले. पुरवणीच्या नावाचा अर्थ 'सुटकेची जागा', आणि सुटका तेवढी नाही!

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे तीन वाजता पुतण्याने ती संपवली. शेवटी आम्ही दोघेही गप्प होतो. जिन मेली तेव्हा त्याला फार वाईट वाटले होते. तो म्हणाला, "काका, मी तिच्यापर्यंत लवकर पोहोचलो असतो तर?" मी म्हणालो, "अरे, ते आधीच लिहून ठेवलंय." त्याला ते पटले नाही, आणि मला त्याचे न पटणे आवडले. गोष्टीत शिरलेला श्रोता असाच असतो.

यानंतर दीडेक वर्षाने, २००९ साली, त्याचा फोन आला. आवाज चढलेला. "काका, आपण खेळलो ते सगळं खोटं ठरवलं त्यांनी!"

भानगड अशी होती. मूळ खेळ प्रसिद्ध केला तो व्हिवेंडी या बड्या कंपनीने. पण त्याआधीच, २००४ साली, मोनोलिथला वॉर्नर या दुसऱ्या बड्या कंपनीने विकत घेतले होते. दोन घरांत वाटणी झाली की होते तेच झाले. 'फिअर' हे नाव राहिले व्हिवेंडीकडे; पात्रे आणि गोष्ट राहिली मोनोलिथकडे. म्हणजे एकाकडे पाटी आणि दुसऱ्याकडे दुकानातला माल. पाटीवाल्यांनी टाइमगेटकडून २००७ साली आणखी एक पुरवणी काढून घेतली. मालवाल्यांनी आपला पुढचा भाग रचायला घेतला, तर त्याला नाव देता येईना. शेवटी लोकांकडून नावे मागवून 'प्रोजेक्ट ओरिजिन' हे नाव ठरवावे लागले. २००८ साली व्हिवेंडीचा खेळांचा धंदा ॲक्टिव्हिजनमध्ये विलीन झाला आणि त्याच वर्षी जुने नावही मूळ घरी परत आले. २००९ च्या फेब्रुवारीत खरा दुसरा भाग निघाला. त्याची गोष्ट पहिल्या भागातील स्फोटाच्या थोडी आधी सुरू होते, नायक वेगळा आहे, आणि टाइमगेटच्या दोन्ही पुरवण्यांतले त्यात काहीही धरलेले नाही. २०११ साली तिसरा भाग आला. तो आणखी तिसऱ्याच कंपनीने केला. त्यात तर जिन चांगली जिवंत आहे!

"म्हणजे आपण त्या रात्री उगाच जागलो का?" पुतण्याने विचारले.

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवले. मला पैठण आठवले. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी कुठे शब्द बदलले होते, कुठे चुका शिरल्या होत्या. नाथांनी ते निवडून काढले आणि यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये म्हणून बजावून ठेवले. येथवर ते मोनोलिथच्या बाजूचे दिसतात. पण याच नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले आणि ते पुरे केले गावबा या त्यांच्या शिष्याने. आख्यायिका अशी, की हा गावबा पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी आला आणि तिथलाच झाला. त्याच्या हातून इतके थोर काम होईल असे कुणाला वाटले नसेल. पण नाथांनी आपली अपुरी गोष्ट त्याच्या ओंजळीत घातली. म्हणजे नाथांचा विरोध पुरवणीला नव्हता. दुसऱ्याच्या नावाखाली आपले दडपून चालवण्याला होता.

आणि भुतांच्या गोष्टींचे काय? पिंपळावरचा मुंजा कुणाच्या मालकीचा? माझी आजी एका मुंजाची गोष्ट सांगायची. तो रात्री दारोदार दिवा मागत फिरे. आजी गेल्यावर आत्या तीच गोष्ट सांगू लागली, तेव्हा त्या मुंजाला एक धाकटी बहीण फुटली. पुढे मी माझ्या मुलांना सांगितली, तेव्हा त्याला पतंग उडवण्याचा नाद लागला, कारण मुले येवल्याची! आजीची खरी आणि माझी खोटी, असे आमच्याकडे कुणी म्हटले नाही. आमच्या भुतांना पाटी नव्हती आणि विलीनीकरणही नव्हते.

तरीही माझे मन पुरते ठरेना. तेव्हा मी शेजारच्या नानांना विचारले. नानांनी पन्नास वर्षे पैठणी विणली. मी म्हटले, "नाना, समजा एकाने पैठणीचं अंग विणलं आणि पदर दुसऱ्याने, तर कळतं का?"

"कळतं की," नाना म्हणाले. "प्रत्येकाच्या फणीचा ठोका निराळा. बघणाऱ्याला नाही, पण विणणाऱ्याला हात फिरवला की जोड लागते."

"मग तो पदर खोटा?"

नाना हसले. "मास्तर, त्यानं बी महिनोन् महिने मागावर बसून मोर काढलेत ना? मग खोटा कसा? जोड आहे म्हणा. खोटा म्हणू नका."

पुतण्याला मी हेच फोनवर सांगितले. दुसऱ्या भागाचा कर्ता आपल्या गोष्टीत पुरवणी धरणार नाही म्हणाला, तर तो त्याचा हक्क आहे. गोष्ट त्याने सुरू केली. पण शुगर लँडच्या त्या मंडळींनी ते रिकामे शहर, ते इस्पितळ आणि ती जळती रात्र रचली, हे कुणाच्या नाही म्हणण्याने पुसले जात नाही. तुझी भीती खरी होती, जिनसाठी वाटलेली हळहळ खरी होती. एवढे झाले म्हणजे जागरण फुकट गेले नाही.

यापुढची हकिकत थोडक्यात सांगतो. टाइमगेट २०१३ साली दिवाळखोरीत बंद पडली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत वॉर्नरने मोनोलिथचेही दार बंद केले. ज्यांनी खरे ठरवले तेही गेले, ज्यांचे खोटे ठरले तेही गेले. आल्मा मात्र अजून उभीच आहे. आज माझा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, केस थोडे पांढरे झाले आहेत, आणि जुने मित्र भेटले की पुरवणी मानायची की नाही यावर अजून भांडण जुंपते. तो पुरवणीच्या बाजूने असतो.

आईबापांना एवढेच सांगणे. हे खेळ लहान मुलांचे नव्हेत. अमेरिकेत त्यांच्या वेष्टनावर सतरा वर्षांखालील मुलांसाठी नाही अशी खूण असते, ती आपणही पाळावी. पण घरातला मोठा मुलगा असे काही खेळत असेल, तर दाराबाहेरून ओरडण्याऐवजी एखाद्या रात्री शेजारी खुर्ची टाकून बसावे. गोष्ट काय आहे ते विचारावे. तो सांगेल, आणि सांगता सांगता त्यात पदरचे चार शब्द घालील. ते मात्र शुद्ध करायला जाऊ नये.