गवत हिरवंच असतं का? रंगीत पेन्सिलींनी आपल्या शिवाराचं हुबेहूब चित्र कसं काढायचं?

‘निसर्गचित्र काढा’ असं सांगितलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात साधारण एकच चित्र तयार होतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड. खाली जी जागा उरते तिथे हिरवा रंग. ते गवत.

आता हे चित्र जालना जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीने काढलं असेल, तर त्यात तिच्या डोळ्यांसमोरचं काय आहे? जवळपास काहीच नाही. जालन्याचा बराचसा भाग सपाट आहे. काळी जमीन, कपाशी, सोयाबीन, मोसंबीच्या बागा, बांधावर बाभळी आणि कडुलिंब. डोंगर दिसतात ते उत्तरेला, भोकरदन आणि जाफराबादकडे, अजिंठ्याच्या रांगेचे. तेही त्रिकोणी नाहीत, तर माथ्यावर सपाट आणि लांबट आहेत. आणि गवत? ते वर्षातले काही महिनेच हिरवं असतं.

हुबेहूब चित्र न जमण्याचं कारण बहुतेक वेळा हातात नसतं. आपण समोरचं न बघता पाठ झालेलं काढतो, हे खरं कारण असतं. गवत काढताना ही गोष्ट सगळ्यात लवकर उघडी पडते. म्हणून या लेखात गवतापासूनच सुरुवात करू.

रंगीत पेन्सिल नेमकी काम कशी करते?

साध्या पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं. रंगीत पेन्सिलीत रंगद्रव्य, ते धरून ठेवणारं मेण किंवा तेल आणि भरीसाठी पांढरी माती अशी मिश्रणं असतात. कागदाला बारीक खडबडीतपणा असतो. पेन्सिल फिरवली की या बारीक उंचवट्यांवर रंग घासला जातो आणि खोलगट जागा पांढऱ्या राहतात.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, रंगाचा थर पातळ आणि थोडा पारदर्शक असतो. खालचा रंग वरच्या रंगातून दिसतो. पिवळ्यावर निळा फिरवला की हिरवा दिसतो तो यामुळेच.

दुसरी, गडदावर फिकट रंग चढत नाही. गडद हिरव्यावर पांढऱ्या किंवा पिवळ्या पेन्सिलीने गवताचं पातं काढायला गेलात तर पातं दिसणारच नाही. पोस्टर कलरमध्ये हे चालतं, इथे नाही. उजेडाची जागा आधीपासून राखून ठेवावी लागते.

तिसरी, जोरात दाबलं की कागदाचा खडबडीतपणा मेणाने भरून जातो. त्यावर पुढचा थर बसत नाही, नुसता घसरतो. म्हणून सुरुवातीचे थर अगदी हलक्या हाताने द्यायचे.

महागडा परदेशी संच हवाच असं नाही. दुकानात मिळणाऱ्या २४ रंगांच्या साध्या संचात शिकण्यापुरतं सगळं असतं. स्वस्त पेन्सिलींत रंगद्रव्य कमी असतं, त्यामुळे थर जास्त द्यावे लागतात, इतकंच. कागदाकडे मात्र लक्ष द्या. वहीचा गुळगुळीत कागद दोन-तीन थरांत हार मानतो. जाडसर कार्ट्रिज कागद घ्या, शक्यतो १५० जीएसएम किंवा त्याहून जाड. आणि शार्पनर हाताशी ठेवा. बोथट टोकाने गवत निघत नाही.

आधी गवत बघा: ते वाढतं कसं?

झाडाला फांद्या फुटतात, फांद्यांना पानं येतात. गवताची रचना वेगळी आहे. गवताचं पान तळाशी वाढतं, शेंड्याला नाही. म्हणूनच गाईने वरून खुडलं तरी ते पुन्हा वर येतं. एका बुंध्यातून अनेक पाती निघतात, वर जाताना पसरतात आणि वजनाने वाकतात.

चित्रकाराच्या कामाची माहिती यातच आहे. रेघ तळाकडून टोकाकडे ओढायची. सुरुवातीला दाब थोडा जास्त, मग हात हलका करत करत पेन्सिल कागदावरून उचलायची. पातं आपोआप तळाशी रुंद आणि टोकाला निमुळतं होतं. वरून खाली ओढलेल्या रेघांचं गवत खिळे ठोकल्यासारखं दिसतं.

दुसरं म्हणजे, सगळं गवत एकसारखं नसतं. आपल्याकडे शेतकरी गवताला नावाने ओळखतो. हरळी जमिनीवर पसरते, तिच्या बारीक वेलीला पेरापेरावर पानं फुटतात. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच. राजूरच्या गणपतीला जाताना घेतलेली जुडी घरी आणून समोर ठेवली तर सरावासाठी यापेक्षा चांगला नमुना नाही. कुंदा काळ्या रानात माजतो, त्याचे ठोंब दाट असतात. लव्हाळ्याची पानं चकचकीत आणि दांडा तिधारी. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तर ते गवतच नाही, वेगळ्या कुळातलं आहे. आणि माळरानावरचं कुसळी गवत, ज्याची कुसळं पायजम्याला चिकटतात, ते पिकल्यावर तांबूस होतं. यातलं कोणतं काढायचं हे ठरलं की रेघांची दिशा आणि लांबी निम्मी ठरून जाते.

हे वाचून गवतासारख्या गोष्टीकडे कुणी एवढं बघतं का, असं वाटेल. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्युररने १५०३ साली गवताच्या एका ढेकळाचं जलरंगात चित्र काढलं. ना राजा, ना देव, ना डोंगर. फक्त जमिनीलगत बसून पाहिलेलं रानगवत. त्यातल्या वनस्पती आजही ओळखता येतात. ५०० वर्षांनंतरही ते चित्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात जपून ठेवलं आहे.

मग गवताचा रंग कोणता?

पानातल्या हरितद्रव्यामुळे गवत हिरवं दिसतं. पाऊस संपला, ओल उतरली की हरितद्रव्य कमी होतं आणि आधीपासून असलेले पिवळसर रंग वर दिसू लागतात. पुढे तेही जातात आणि वाळक्या काडीचा रंग उरतो.

जालन्याच्या शिवारात हा बदल महिन्यांनुसार पाहता येतो. जुलैत बांधावरचं कोवळं गवत पोपटी असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते दाट, गडद होतं. ऑक्टोबरमध्ये तुरे पिकतात आणि हिरव्यावर तांबूस-जांभळी झाक येते. जानेवारीत सोनेरी, आणि एप्रिलमध्ये जवळजवळ पांढुरकं.

यावर उजेडाचाही परिणाम होतो. ऊन पात्याच्या मागून येत असेल तर पातं पिवळसर आणि चमकदार दिसतं, कारण प्रकाश त्यातून आरपार येतो. ऊन समोरून पडत असेल तर पात्याच्या पाठीवर आभाळाची निळसर झाक दिसते.

म्हणून संचातली तयार हिरवी पेन्सिल एकटी वापरू नका. आधी पिवळा किंवा मातकट पिवळा, त्यावर हिरवा, आणि सावलीत तपकिरी, निळा किंवा जांभळा. हिरवा गडद करण्यासाठी काळा वापरला तर तो मेल्यासारखा दिसतो. लाल किंवा तपकिरी हे हिरव्याचे विरुद्ध बाजूचे रंग आहेत, त्यांचा हलका थर हिरव्याला खोली देतो.

रंग ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याला बोटाच्या टोकाएवढं भोक पाडा आणि त्यातून गवताचा एकच तुकडा बघा. आजूबाजूचं झाकलं गेलं की डोकं ‘हे गवत आहे’ असं सांगणं थांबवतं आणि खरा रंग दिसतो. तुम्ही हिरवं समजत होता ते अनेकदा मातकट निघेल.

सगळ्यात मोठी युक्ती: पाती नका काढू, मधला अंधार काढा

गवताच्या दाट ठोंबात आपल्याला उजळ पाती दिसतात, कारण त्यांच्या मागे सावली असते. रंगीत पेन्सिलीत फिकट रंग गडदावर चढत नाही हे आपण पाहिलं. मग मार्ग एकच. पूर्ण जागेवर हलका पिवळा-हिरवा थर द्यायचा आणि मग गडद पेन्सिलीने दोन पात्यांमधल्या फटी भरायच्या. फटी बहुतेक लांबट, उलट्या त्रिकोणासारख्या असतात: वर रुंद, खाली चिंचोळ्या. बुंध्याजवळ अंधार जास्त, टोकांकडे कमी. फटी भरत गेलात की न काढलेली पाती समोर उभी राहतात.

अगदी बारीक, उजळ काड्या हव्या असतील तर रिकामं झालेलं बॉलपेन घ्या. रंग देण्याआधी त्याने कागदावर पात्याच्या आकाराची खोलगट रेघ दाबा. नंतर पेन्सिल आडवी धरून रंग फिरवला की ती रेघ पांढरीच राहते. फिकट पिवळी काडी हवी असेल तर आधी पिवळा रंग द्या, मग रेघ दाबा, मग हिरवा फिरवा. हे आधी वेगळ्या कागदावर करून बघा. जास्त दाबलं तर कागद फाटतो.

जवळचं, मधलं आणि लांबचं

पूर्ण चित्रभर एकेक पातं काढलं तर चित्र खरं वाटत नाही, गालिचा वाटतो. आपला डोळाही तसं बघत नाही.

जवळ, म्हणजे कागदाच्या खालच्या भागात, पाती सुटी, लांब, एकमेकांवरून गेलेली. गडद आणि उजळ यांतला फरक सगळ्यात जास्त इथेच. मधल्या भागात पाती दिसत नाहीत, ठोंबांचे आकार दिसतात. तिथे आखूड रेघा आणि सावलीचे ठिपके पुरतात. त्यापलीकडे नुसता रंगाचा सपाट पट्टा.

लांबच्या गोष्टी फिकट आणि निळसर दिसतात. मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश त्यांच्यावर पडद्यासारखा येतो. भोकरदनकडून दिसणारी अजिंठ्याची रांग म्हणूनच निळी-राखाडी दिसते, तिच्यावर झाडं असली तरी. तिथे गडद हिरवा लावला की डोंगर थेट बांधावर येऊन बसतो.

सपाट मुलखात आणखी एक प्रश्न असतो: क्षितिजाची रेघ कुठे घ्यायची? ती नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असते. उभं राहून पाहिलं तर शेत जास्त दिसतं. बांधावर बसलात तर गवताचे तुरे क्षितिजाच्या वर जातात आणि आभाळावर उठून दिसतात. गवत हाच विषय असेल तर बसूनच बघा.

एक चित्र, सुरुवातीपासून

समजा ऑक्टोबरची संध्याकाळ आहे. पुढे बांधावरचं गवत, मागे कपाशी, त्यामागे एक कडुलिंब आणि लांब डोंगर. कागद पोस्टकार्डाएवढाच घ्या, मोठ्या कागदावर धीर सुटतो.

१. पुसट रेघांनी क्षितिज, कडुलिंबाचा आकार आणि गवताच्या तीन-चार ठोंबांच्या जागा ठरवा. ग्रॅफाइट जास्त राहिलं तर फिकट रंग मळतात, म्हणून रेघा खोडरबराने हलक्या करा.

२. आभाळ आधी. क्षितिजाजवळ फिकट पिवळा, वर निळा. हात गोल-गोल फिरवा, म्हणजे रेघा दिसणार नाहीत.

३. डोंगर निळा आणि जांभळा यांच्या एकेका हलक्या थराने. कडुलिंब गडद, पण पानं मोजू नका; फांद्यांमधून दिसणारी आभाळाची भोकं मात्र सोडा.

४. कपाशीचा पट्टा मध्यम हिरव्या-तपकिरी रंगात. फुटलेल्या बोंडांसाठी पांढरे ठिपके कागदाचेच राखा.

५. आता गवत. बॉलपेनच्या दाबलेल्या काही काड्या, त्यावर मातकट पिवळ्याचा थर, मग हिरवा, मग फटींमध्ये तपकिरी आणि निळा. तुऱ्यांना शेवटी तांबूस-जांभळ्याचे बारीक फटकारे.

६. बुंध्याजवळ थोडी काळी माती दिसू द्या. तीही काळी पेन्सिल घासून नव्हे, तर तपकिरीवर गडद निळा चढवून.

पुढे ठेवलेला हात रंग फासतो, म्हणून हाताखाली कोरा कागद ठेवा. चुकलेली जागा घासून पुसू नका. मऊ खोडरबर टेकवून उचललं की रंग थोडा हलका होतो. पूर्ण मात्र जात नाही. फोटोवरून काढायचं असेल तर रंगांची नोंद जागेवरच कागदाच्या कडेला करून ठेवा. बरेच फोन गवत आहे त्यापेक्षा जास्त हिरवं दाखवतात.

पण एवढा खटाटोप कशाला?

राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं बसतात. स्मरणचित्राच्या पेपरला समोर काहीच नसतं, डोक्यात साठवलेलं कागदावर आणायचं असतं. साठवणीत जर नारळाचं झाड आणि त्रिकोणी डोंगरच असतील, तर बैलपोळ्याच्या चित्रातही तेच येतात.

पाहण्याजोगं दृश्य दूर कुठेतरी कोकणात किंवा काश्मीरला असतं, हा समजही या पाठ झालेल्या चित्राने घट्ट होतो. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, कोल्हापुरात राहिले आणि तिथल्याच कोटितीर्थ, रंकाळा परिसराची चित्रं काढत राहिले. त्यांना विषयासाठी गाव सोडावं लागलं नाही.

शिवाय गवत टिकत नाही. बांध कोरले जातात, तणनाशक फवारलं जातं, गायरानं आक्रसतात. ज्याने कुसळी आणि कुंदा यांचं चित्र एकदा नीट काढलं, त्याला पुढच्या वर्षी तो बांध मोकळा दिसला की काय गेलं ते कळतं.

सुरुवात करायची असेल तर एकच बांध निवडा. महिन्यातून एकदा तिथे जा आणि पोस्टकार्डाएवढं चित्र काढून मागे तारीख लिहा. वर्षाच्या शेवटी १२ चित्रं शेजारीशेजारी मांडा आणि त्यात हिरवी किती आहेत ते मोजा.